शेजारणीच्या माळ्यावरचा हिमालय

आधी त्यांचं सांगतो, मग काय झालं ते. आइंडहोवनला आमच्या घराला भिंत लावून ज्यांचं घर होतं त्या डच शेजारीणबाई. मी इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर पडलो आणि मागे दार आपोआप बंद झालं. अंगात बनियन, पायात स्लिपर, बायको ऑफिसात, आणि बाहेर अशी थंडी की दातांचा ताशा वाजत होता. बाईंनी खिडकीतून पाहिलं, काही न विचारता आत घेतलं, नवऱ्याचा स्वेटर चढवला आणि कॉफी पुढे केली. नवरा वारलेला होता, त्यामुळे स्वेटर परत मागितला नाही. पुढे डॉक्टरकडे फोन कसा लावायचा, सायकलवर वळताना हात कसा दाखवायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. माझं डच म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातलं डच. भाज्यांची नावं पक्की, बाकी देव तारी. त्या मला 'बूरमन' म्हणायच्या, म्हणजे शेजारी. मी त्यांना 'बूरव्राउ', शेजारीण. एवढी वर्षं झाली, पण नावाची गरज पडली नाही.

आणि त्यांनी मला एक डोंगर दिला. ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

मी नववीतून शाळा सोडली. सोडली म्हणतो, शाळेचं म्हणणं वेगळं असू शकतं. मग एका टूरवाल्याकडे आचाऱ्याच्या हाताखाली लागलो. आपली माणसं हिमालय बघायला जातात ती मराठी आचारी बरोबर घेऊनच. समोर बर्फाची शिखरं असली तरी पानात पिठलं लागतं. सिमल्याच्या वाटेवर, छोट्या आगगाडीच्या रुळांवर एक गाव आहे, तिथल्या एका जुन्या इंग्रजी बंगल्याच्या हॉटेलात आमचा मुक्काम असायचा. सीझनमागून सीझन मी तिथे काढले. त्यातल्याच एका सीझनला एक इंजिनिअर मुलगी आईवडिलांबरोबर टूरवर आली आणि पिठलं दुसऱ्यांदा मागायला स्वतः स्वयंपाकघरात आली. पुढचं लिहीत नाही. सासरे वाचतात.

तर आता ती इथे चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, आणि मी तिच्या व्हिसाला लटकून आलेला नवरा. घरी डबे करतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीत?" मी म्हणतो, "घरून काम करतो." "कशात?" "फूड प्रोसेसिंग." यात खोटं काही नाही. सगळे एमटेक, पीएचडी. तिसरा प्रश्न शिक्षणाचा. तो येण्याआधी मी पाणी आणायला जातो.

त्या उन्हाळ्यात बूरव्राउंनी घर विकलं. जिना चढवेना. गावाच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. सामान आवरायला मी जायचो. एक दिवस माळ्यावर गेलो आणि दारातच उभा राहिलो. आत डोंगर होता. टेबलाला टेबल जोडून त्यावर प्लास्टरचा अख्खा डोंगर, बोगदे, पूल, बोटाएवढी देवदारासारखी झाडं, उतारावर लाल छपरांची घरं, अगदी माथ्यावर टोकदार चर्च, आणि सगळ्याला वळसा घालून जाणारी आगगाडी.

"नवऱ्याचं काम," त्या म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात कॅरव्हॅन घेऊन आल्प्समध्ये जायचो. परत आलो की हा महिनाभर रुसलेला. सपाट देश बघवेना. मग वर येऊन डोंगर बांधत बसायचा."

"लोक बघायला येत असतील."

"कोणाला दाखवला नाही. पूर्ण झाला की दाखवू म्हणायचा. एक दिवा लागायचा राहिलाय म्हणाला, आणि गेला."

मी विचारलं, आता याचं काय. तर दिवाळीनंतरच्या शनिवारी मुलगा ट्रेलर घेऊन येणार होता आणि डोंगर कचरा डेपोत जाणार होता. कोणी नेत असेल तर त्या आनंदाने देणार होत्या, पण अख्खा. "एक घर तू घे, दोन तो घेईल, असं नको. माणूसच वाटून टाकल्यासारखं होतं."

आमचा माळा त्यांच्यासारखाच, फक्त उलट्या बाजूचा. पण तो बायकोला ऑफिस म्हणून कबूल झाला होता, रंगाचे डबेही आणून ठेवलेले. विचारायची माझी छाती नव्हती. मग मला आठवलं, मंडळाची दिवाळीची किल्ला स्पर्धा. पहिला येणारा किल्ला हॉलच्या काचेच्या दर्शनी भागात वसंत ऋतूपर्यंत ठेवणार होते. तोवर काहीतरी सुचलंच असतं.

"अगं," मी बायकोला म्हटलं, "यंदा किल्ला करू या."

"कसला? इथे दगडसुद्धा विकत घ्यावा लागतो."

मी तिला शेजारी नेऊन दाखवला. तिने डोंगराभोवती एक फेरी मारली. "हे तर ऑस्ट्रिया आहे."

"आता आहे. दिवाळीपर्यंत हिमाचल होईल."

मला खरंच तसं वाटत होतं, कारण हे काम मी केलेलं होतं. आमच्या हॉटेलच्या त्या गावात जुने बंगले मोजकेच. त्यांच्या भिंतीत देवदाराच्या तुळया उभ्या-आडव्या-तिरप्या, मधल्या चौकटींत दगडमाती. त्या लाकडावर भिंत उभी असते, भूकंपात डुलते पण पडत नाही. पांढऱ्या भिंतीवर काळ्या पट्ट्या दिसतात त्या ह्याच. साहेब लोकांना त्यात आपलं गाव दिसायचं. प्रत्येक बंगल्याला विलायतेतल्या कुठल्या तरी खेड्याचं नाव. नंतर पर्यटक आले आणि सगळ्यांनाच साहेबाचा बंगला हवा झाला. मग सिमेंटच्या नव्या इमारतींवरही पट्ट्या आल्या, बादलीतून. आमच्या हॉटेलची नवी बाजू एका कंत्राटदाराने मी तिथे असतानाच बांधली, आणि सीझनच्या आधी आम्हा आचाऱ्यांनाच ब्रश देऊन शिडीवर चढवायचे. खाली टूर मॅनेजर पाहुण्यांना सांगायचा, "याच खोलीत लाटसाहेब राहून गेले." सगळ्या खोल्यांत लाटसाहेब राहून गेले होते. शांत झोप लागत नसावी बिचाऱ्याला.

तर पुन्हा ब्रश हातात घेतला आणि ऑस्ट्रियन घरांवर पट्ट्या मारायला बसलो. बूरव्राउंनी आधी रंग नखाने खरवडून पाहिला. "धुतला जाईल?" जाईल म्हटल्यावर स्वतःही एक ब्रश घेतला. मी त्यांना सांगत गेलो. ही पोस्टाची कचेरी. हा बँडस्टँड, इथे संध्याकाळी साहेब वाजंत्री ऐकायचे, आता मक्याची कणसं भाजतात. हा माल रोड. हे आमचं हॉटेल, आणि हे मागे वेगळं आहे ते स्वयंपाकघर. धूर आणि वास नको म्हणून साहेबाने घरापासून लांब बांधलेलं. त्यामुळे सूप टेबलावर पोचेपर्यंत गार.

"मग ते काय करायचे?"

"आचाऱ्याला शिव्या द्यायचे."

"आणि तुमचे पर्यटक?"

"ते ताट घेऊन स्वयंपाकघरातच यायचे."

हिरवळ सोपी होती. आपण किल्ल्यावर अळीव पेरून आठवडाभर वाट बघतो, इथे सुपरमार्केटात डबीत उगवलेलाच मिळतो. मावळे बायकोने पुण्याहून मागवले होते. त्यांना माल रोडवर, बोगद्याच्या तोंडाशी, पोस्टाच्या दारात पहाऱ्याला उभे केले. सगळं झालं आणि बायको म्हणाली, "महाराज कुठे बसणार?"

किल्ल्यावर महाराज सगळ्यात उंच. आमच्या सगळ्यात उंच जागी चर्च होतं, डिंकाने चिकटवलेलं. मी बूरव्राउंकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"स्पर्धेपुरतंच. नंतर परत चिकटवतो."

"बूरमन, अख्खा म्हणजे अख्खा."

मी चर्चसमोर हताश बसलो. बायको मात्र टेप घेऊन उंची मोजायला लागली होती. "तुझ्या गावाच्या मागे काय दिसायचं?"

"बर्फाची शिखरं."

"चर्चपेक्षा उंच ना?"

जुनी चादर खळीत बुडवून काठ्यांवर वाळवली, चर्चच्या मागे दीड हात उंच हिमशिखर उभं राहिलं, आणि महाराज त्यावर विराजमान झाले. बूरव्राउंनी निरखून पाहिलं आणि महाराजांच्या पाठीला वारा लागू नये म्हणून लोकरीचा एक तुकडा दुमडून ठेवला.

डोंगर जिन्यातून उतरणं शक्य नव्हतं. इथे कपाटं, पलंग सगळं खिडकीतूनच ये-जा करतं. तशी चारही टेबलं माळ्याच्या खिडकीतून दोरांनी खाली सोडली. अख्खी गल्ली हिमालय उतरताना बघत होती. मी खाली उभा राहून घाम पुसत होतो.

मंडळाच्या हॉलमध्ये सगळीकडे सह्याद्री. एकाने थ्रीडी प्रिंटरवर रायगड छापून आणला होता, कड्यासकट. अध्यक्ष आमच्यापाशी आले, चष्मा वर केला, खाली केला.

"हा कुठला किल्ला?"

"डोंगरी आहे," मी म्हणालो.

"तटबंदी कुठाय? बुरूज? दरवाजा?"

"बोगदा आहे."

"बोगदा म्हणजे दरवाजा नव्हे, भाऊ. त्यातून शत्रू सरळ आत येईल."

"म्हणून गाडी सारखी फिरती ठेवलीय."

त्यांनी वर पाहिलं. "आणि महाराज बर्फात?"

तेव्हा माझ्या तोंडून जे गेलं त्याचं माझं मलाच नंतर नवल वाटलं. मी म्हटलं, "आपले झेंडे अटकेपार गेलेच होते ना, साहेब. वाटेत थोडे चढावर थांबले असं समजायचं."

मागे कोणीतरी हसलं. डेल्फ्टच्या विद्यापीठातून परीक्षक म्हणून आलेली मुलगी होती, ब्रिटिशांच्या थंड हवेच्या गावांतल्या इमारतींवरच पीएचडी करणारी. आता ही तिसरा प्रश्न विचारणार. ती वाकली, मी लावलेली आमच्या हॉटेलची पाटी वाचली आणि भिंती बघू लागली.

"काका, ही तिरपी पट्टी खालच्या तुळईला टेकतच नाही. मग भिंत उभी कशी?"

"रंगावर."

"रंगावर?"

"तिथेही रंगावरच होती, ताई. मीच मारलेला."

ती एकदम सरळ झाली. "थांबा. त्या हॉटेलची खरी जुनी बाजू कुठली आणि रंगवलेली कुठली, सांगता येईल? मला तिथल्या मॅनेजरने सगळं जुनंच म्हणून सांगितलंय."

"लाटसाहेब राहून गेले म्हणाला?"

"प्रत्येक खोलीत."

मग आम्ही दोघं माना खाली घालून बसलो. तिला खरी चौकट ओळखता येत होती, चित्रं काढून दाखवत होती, कुठल्या सांध्यात खुंटी असते ते. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. मला फक्त बादली माहीत होती. तिने शेवटपर्यंत मी किती शिकलो ते विचारलं नाही. विचारलं ते हे, की रंगात डांबर किती आणि रॉकेल किती.

तेवढ्यात बूरव्राउंनी गाडीचं बटण हाती घेतलं होतं. पोरं टेबलाला चिकटली होती, डचमध्ये ओरडत होती, अजून जोरात, अजून. बाईंनी वेग वाढवला. बोगद्यावरचा मावळा उडाला तो थेट थ्रीडी रायगडावर जाऊन पडला.

"कुमक आली," बायको म्हणाली.

अध्यक्ष वाईट नव्हते. त्यांनी निकाल सांगताना आमचं कौतुक केलं, "स्पर्धेबाहेरचं विशेष आकर्षण" म्हटलं, डेल्फ्टची मुलगी एकटी आमच्या बाजूने भांडली तेही सांगितलं. बक्षीस रायगडाला. काचेची जागाही रायगडालाच. नियम तो नियम. मी टाळ्या वाजवल्या, पण डोळ्यांपुढे शनिवारचा ट्रेलर दिसत होता. बूरव्राउंना मराठी काही कळलं नव्हतं. त्या विचारत होत्या, "जिंकलो?"

"नाही."

"असू दे. पाहिला तर खरा कोणीतरी." एवढं म्हणून त्यांनी रुमालाने रुळांवरची धूळ पुसायला घेतली. फेकायला निघालेल्या वस्तूवरची धूळ. मला तिथे उभं राहवेना.

शनिवारी मुलगा आला. भला माणूस, ट्रेलरला ताडपत्री वगैरे लावून आला होता. हॉलमधून परत आणलेला डोंगर बूरव्राउंच्या दारातच उभा होता. आम्ही पहिलं टेबल उचललं, तेवढ्यात आमच्या माळ्याच्या खिडकीतून बायकोचं डोकं बाहेर आलं.

"अरे, ती टेबलं किती उंच आहेत?"

"कंबरेच्या थोडी वर. का?"

"खाली माझी कपाटं बसतात, पुढे टेबलही राहतं. आत्ताच मोजलं. मीटिंगला कॅमेरा लावला की मागे डोंगर येईल. लोक खोटे डोंगर लावून बसतात, माझा निदान प्लास्टरचा असेल."

"आणि तुझे रंगाचे डबे?"

"तुला पट्ट्या मारायला लागतीलच ना पुढच्या दिवाळीला. दोर टाकते, धर."

मी डचमध्ये बूरव्राउंना सांगायला गेलो आणि शब्द सापडेनात. माझ्याकडे फक्त भाज्या होत्या. त्यांनी वर लटकणारा दोर पाहिला, मुलाच्या ट्रेलरकडे पाहिलं, आणि मुलाला म्हणाल्या, "तू कॉफी पी. तुझं काम झालं."

आता त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि रविवारी बसने येतात. बायकोची मीटिंग नसेल तर गाडी सोडतात. असेल तरी सोडतात. बायकोच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत झालंय की तिच्या मागून एक आगगाडी जाते.

बूरव्राउ, हे तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून बिनधास्त लिहितो. एक दिवस मी तुम्हाला त्या छोट्या गाडीत खिडकीशी बसवून वरती घेऊन जाणार आहे. खरे बंगले कुठले आणि बादलीतले कुठले ते तुम्हीच ओळखायचं. दुपारी हॉटेलच्या मागच्या त्या लांबच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी तुम्हाला खुर्ची टाकून देईन आणि सूप तिथेच वाढीन, कढत.