लीलामावशीनं डॉक्टरला खरं सांगितलं

उस्मानपुऱ्यात लीलाबाईंची मेस होती. आम्ही पोरं त्यांना मावशी म्हणायचो. मूळच्या पैठणच्या. नवरा गेल्यावर पोळपाट-लाटणं घेऊन शहरात आल्या आणि भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आमच्यासारखी पोरं पोसत बसल्या. आमच्यातलं कुणी साहेब झालं नव्हतं, पण मावशींच्या पोळ्यांवर वजन सगळ्यांनी कमावलं होतं. ताटात काही टाकलं तर रात्री तेच वाढीन, असा त्यांचा दम असायचा.

महाशिवरात्रीला मावशींनी भगरीच्या पिठाच्या भाकरी केल्या, सोबत शेंगदाण्याची आमटी. पीठ गल्लीतल्याच पुंडलिकशेठच्या दुकानातलं, सुटं. मी उपवास धरत नाही, त्यामुळं सगळी मेस उपवासाला जेवायची त्या दिवशी उपाशी मीच. चौकात आम्लेट-पाव खाऊन परत आलो तर सोयगावचा शिवराज भिंतीला धरून थरथरत होता. राजेंद्र मोरीत उलट्या करत होता. बाकीची पोरं आडवी पडलेली.

गल्लीतल्या दवाखान्यांना सुट्टीची कुलपं. मी १०८ ला फोन लावला, पण पत्ता सांगताना माझीच बोबडी वळली. मावशींनी फोन हिसकावून घेतला आणि कोणत्या देवळापासून आत वळायचं ते नीट सांगितलं. गाडी आली, पोरं घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात पोचली. सलाईन लावताना शिवराजनं विचारलं, ही उपवासाला चालती का? नर्स म्हणाली, महादेवाला मी सांगते, तू हात हलवू नको.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? राजेंद्र मेसवरचा सगळ्यात जुना, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा नापास. तो लगेच म्हणाला, गाड्यावरचे साबुदाणावडे. बाकीच्यांनी पडल्या पडल्या माना हलवल्या. मेसच्या पोरांचा हा कायदाच असतो, बाईचं नाव घ्यायचं नाही. मेस बंद पडली तर जेवायचं कुठं? डॉक्टर म्हणाले, कुठला गाडा? राजेंद्र आता गाडाही उभा करायला लागला.

मावशी दाराशी उभ्या होत्या.

"त्यो खोटं बोलतोय, डॉक्टरसाहेब. माझ्या हातची भाकर खाल्ली पोरांनी. भगरीच्या पिठाची."

"मावशी, मेस जाईल," राजेंद्र हळूच म्हणाला.

"गल्लीतल्या बायका सांजच्याला तेच पीठ मळतील. त्यांला काय सांगू, गाड्यावर जाऊ नका?"

डॉक्टरांनी अन्न व औषध प्रशासनाचा नंबर दिला. मावशींनी स्वतःचं नाव, पत्ता, दुकानाचं नाव, सगळं सांगितलं. पलीकडून सांगितलं, उरलेलं पीठ फेकू नका, तपासायला लागेल. मग मावशींनी गल्लीत फोन फिरवले. फिरवता फिरवता त्यांना साळूबाई आठवली. ही गल्लीत एकटी राहणारी म्हातारी, तिच्याकडं फोन नव्हता. तिला दुपारी मावशींनीच भाकर-आमटी नेऊन दिली होती.

मला गाडीवर पिटाळलं. साळूबाईनं वाटी घासून पालथी घातली होती, परत द्यायला. आणि ती वाटीशेजारीच पडली होती. तिलाही घाटीत नेलं.

पोरं घाटीतून चालत बाहेर आली. साळूबाई आली नाही.

गल्लीतल्या बायकांनी पीठ मळलं नाही, म्हणून वाचल्या. पण चर्चा वेगळीच झाली. पुंडलिकशेठ म्हणाले, माझं पीठ चोख, बाईची भांडीच घाण. लोकांना ते पटलं. बाईनं स्वतःच कबूल केलं होतं ना! अहवाल आला तो पुढं कधीतरी. पिठात बुरशी निघाली, शेठवर कारवाई झाली. तोवर मेसची चूल थंड पडली होती.

राजेंद्रनं पुन्हा पोरं गोळा केली. गल्लीनं काही म्हणू दे, आपण मावशीकडंच जेवायचं, असं ठरलं. मावशींनी त्या दिवशी पोळ्या, वांग्याची भाजी केली. पोरं ओळीनं बसली. शिवराजनं घास मोडला आणि तोंडात घालायच्या आधी नाकाशी नेला. त्याच्या ध्यानातही आलं नसावं. मग शेजारच्यानं नेला.

मावशी वाढत राहिल्या. सगळ्यांचं झाल्यावर राजेंद्रला म्हणाल्या, दुसरी मेस बघा. तो भांडायला लागला.

"वास घेऊन जेवताय तुम्ही. बरोबर हाय तुमचं, पोरांनो. मला बघवत न्हाय."

आता त्या पैठणला भावाकडं असतात. राजेंद्र मध्ये भेटून आला. जेवलास का, मी विचारलं. जेवलो म्हणाला, पण स्वयंपाक भावजय करते. पानं वाढली की मावशी लांब, दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसतात.