पन्हाळ्याचा फाटा

आमच्या आक्काला फसवून सासरी आणलं होतं.
तिच्या सख्ख्या बापानं.

आज तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि त्या बापाचा राग मला अजून येतो. पूर्वीपेक्षा थोडा कमी येतो, इतकंच.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली वहिनी. पोटी मूल नाही. पण मलकापूरच्या घरात आम्ही सख्खी-चुलत मिळून अकरा भावंडं, आणि अकराच्या अकरा तिच्याच हातची भाकरी खाऊन वाढलो.

बाई खमकी. कुणाच्या बापाला भ्यायची नाही. फक्त एक खोड होती.
कुणीही "आक्का, चल फिरायला" म्हटलं की हिचा पहिला प्रश्न, "आणि परत कोण आणणार?"
आणि मग जायचीच नाही.
आम्ही तिची नक्कल करायचो. काका बाजाराला निघाले तरी मागून ओरडायचो, "परत कोण आणणार?"

माझं लग्न ठरलं. सासर पुण्याचं.
लग्नाच्या आदल्या आठवड्यात सगळी भावंडं जमली आणि नुसता धुमाकूळ. सोमवारी कोल्हापूर, रंकाळ्यावर भेळ. मंगळवारी नदीवर. बुधवारी आंबा घाटात डबे घेऊन. गुरुवारी केळवण झालं आणि अंगणात लंगडी, साडी खोचून मीसुद्धा.

आक्का मात्र रोज जास्त गप्प होत चाललेली.
गुरुवारी संध्याकाळी तिनं मला चुलीपाशी बोलावलं.

"पोरी, तुला सांगितलंय न्हवं ह्यांनी? कुठं चाललीस ते?"
"अगं, लग्न आहे माझं! मुलगा मीच पसंत केलाय."
"त्ये व्हय. पर नीट सांगितलंय न्हवं?"

मला हसू आलं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू गेलं.
मग तिनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही मला एकटीला.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आक्काचं माहेर शहरातलं. तीन भावांचं एकत्र घर, पंगतीला तीस माणसं. नवव्या वर्षी लग्न लागलं, म्हणजे डोक्यावर अक्षता पडल्या आणि ही परत माहेरी येऊन सागरगोटे खेळायला लागली. नवरा कसा दिसतो तेही विसरली होती.

बारावं सरलं, आणि एका आठवड्यात अख्ख्या घराला तिचे लाड करायची लहर आली.
आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हाताला धरून महाराजांचा हत्ती दाखवला. चुलत्यानं गुऱ्हाळावर नेऊन काकवी पाजली. एक दिवस सगळं घर बैलगाड्यांनी जोतिबाला. चुलत बहिणी सागरगोट्यांत तिला मुद्दाम जिंकू द्यायच्या.
"मला वाटलं, आता मीच घरातली लाडकी."

सातव्या दिवशी आण्णा म्हणाले, "चल, तुला पन्हाळा दावतो."
निघताना आईनं ओटी भरली. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. हिनं विचारलं, तर म्हणाली, "गडावरच्या देवीला चाललीस न्हवं, म्हणून."

पन्हाळ्याचा फाटा आला. बैल सरळ पुढं गेले.
"आण्णा, फाटा मागं ऱ्हायला की!"
आण्णा बैल हाकतच राहिले.
"आण्णाऽ! फाटा!"
त्यांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. कडब्याखाली हिची ट्रंक होती. ती हिला मलकापूर आल्यावर दिसली.

हिच्या थोरल्या बहिणीला सासरी पाठवताना ती दाराची चौकट सोडेना. घरातल्यांना ते बघवलं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की हिला हसत न्यायची.
म्हणजे माया होती. पण असली कसली माया? मी रडत रडत आण्णांना शिव्या घातल्या.

आक्का रडली नाही. लाकूड पुढं सारत एवढंच म्हणाली, "सात दिस मी लई हसलो गं. त्यातलं एक बी हसू मला मागनं गोड लागलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी आमचा प्लॅन नेमका पन्हाळ्याचा.
मी म्हटलं, "आक्का, तू चल. परत मी आणणार. दिवे लागायच्या आत. शब्द."
ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
सकाळी बघते तर सगळ्यांच्या आधी जीपमध्ये बसलेली. अगदी दाराजवळ.

ऐंशी पार केल्यावर तिनं पन्हाळा बघितला. दही-भाकरी खाल्ली, वारा आला म्हणून वाऱ्याला शिव्या दिल्या. आमच्या शिवाशिवीत पंच झाली आणि उघड उघड लबाडी करून मला जिंकवलं. भावंडं बोंबलली. ही ढिम्म.

परतताना फाट्यावर तिनं जीप थांबवायला लावली.
खाली उतरली. एका हाताला कोल्हापूर, दुसऱ्या हाताला मलकापूर.

"आण्णानं मागं बघितलं न्हाय," ती म्हणाली.
"दगडाचं काळीज, दुसरं काय," मी म्हटलं.
"न्हाय गं." तिनं पदरानं डोळे पुसले. "बघितलं असतं तर गाडी वळवलीच असती त्यानं."

मी तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं.

दिवे लागायच्या आत तिला घरी आणलं. ओसरीवर चप्पल काढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणलं बरं का पोरीनं!"

रविवारी मी सासरी निघाले तेव्हा माझी ओटी आक्कानं भरली. म्हणाली, "सांगून चाललीस. आता रड किती रडायचं त्ये."
मी पोटभर रडले.

पुढं काही वर्षांनी ती गेली. मी पुण्याहून पोचेपर्यंत तिला नेलं होतं.

आक्का, परत आणायचा शब्द मला एकदाच पाळता आला गं.
तुझ्या अकरा जणांचा तुला नमस्कार.