मुलींच्या शाळेची अदलाबदल

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं घर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. पण नोकरी मिळाली ती कल्याणकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, म्हणून मी तिथे मामांकडे राहायला गेले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण नगरपालिकेत तेव्हा काम करणाऱ्यांची मुलंबाळं अजून तिथे आहेत.

नगरपालिकेची मुलींची शाळा होती. चार खोल्या, कौलारू छप्पर, मागच्या बाजूला आडोशाला दोन संडास. मी दुसरीला शिकवत असे. मुख्याध्यापिकांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्या लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्याला राहून शिकलेल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि एकदा सांगितलेलं बदलतही नसे.

शाळेच्या कुंपणाला लागून एका सरकारी खात्याची जमीन होती. त्यांना तिथे आपल्या कामगारांसाठी चाळी बांधायच्या होत्या आणि जागा अपुरी पडत होती. त्यांनी शाळेची जागा मागितली. बदल्यात रुळांच्या पलीकडे लढाईच्या काळात सैन्यासाठी बांधलेली एक लांब बराक नगरपालिकेला द्यायची, असं ठरलं. जागा दुप्पट, भिंती पक्क्या. सभेत ठराव एकमताने झाला. आम्हाला हे कळलं ते नगरपालिकेचे ओव्हरसिअर टेप घेऊन वर्ग मोजायला आले तेव्हा.

त्या रविवारी मोठ्या बाई मला घेऊन बराक बघायला गेल्या. बराक खरोखर चांगली होती. उंच, हवेशीर, खाली सिमेंटची जमीन. मी मनातल्या मनात माझा वर्ग कुठे बसवायचा ते ठरवायलाही लागले. बाई मात्र बाहेरून एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “अगं, मुलींनी जायचं कुठे?”

मागच्या बाजूला शिपायांना शौचासाठी खणलेला एक चर होता. वर पत्रा होता, पण दार नाही की आडोसा नाही.

बाईंनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात विचार करू असं कळवण्यात आलं. आणि ताबा द्यायची तारीख तर पुढच्याच आठवड्यातली होती.

ताब्याच्या दिवशी अकराच्या सुमाराला खात्याचे एक अधिकारी आले. बरोबर आमचे ओव्हरसिअर होते. ताबा पावतीवर मोठ्या बाईंची सही घ्यायची आणि किल्ल्या ताब्यात घ्यायच्या, एवढंच काम होतं. वर्ग चालू होते. मी दारातच उभी होते.

“सही करते,” बाई म्हणाल्या, “पण तिकडे मुलींसाठी संडास झाल्यावर.”

अधिकारी सभ्य होते. म्हणाले, “बाई, आम्ही इमारत आहे तशी दिली. नगरपालिकेने आहे तशी घेतली. पुढचं आमच्याकडे येत नाही.”

“अगदी बरोबर. तुमचा काहीच दोष नाही. फक्त किल्ल्या माझ्याकडे आहेत.”

ओव्हरसिअर अस्वस्थ झाले. “बाई, ठराव झालाय. हे तुमच्या नोकरीवर येईल.”

“येऊ दे. वरच्या वर्गात तेरा-चौदा वर्षांच्या मुली आहेत. त्यांना मी त्या चरावर बसायला पाठवणार नाही.”

बाईंना नोकरीशिवाय दुसरा आधार नव्हता, हे मला माहीत होतं. अधिकाऱ्यांनी पेन काढलं आणि पावतीवर लिहिलं: ताबा मिळाला नाही. खाली कारणही लिहिलं, संडास नाहीत म्हणून. कागद घडी करून खिशात ठेवला आणि नमस्कार करून ते गेले.

त्या एका ओळीने काम झालं. चाळींचं काम अडलं म्हणून खात्याने नगरपालिकेला खरमरीत पत्र धाडलं आणि तीन आठवड्यांत बराकीमागे चार संडास उभे राहिले. बाईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती वाचून फाइलला लावली आणि किल्ल्या देऊन टाकल्या.

नव्या जागेत पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली, तर माझ्या वर्गातल्या चार मुली नव्हत्या. वरच्या वर्गांतल्या धरून एकूण नऊ. सगळ्या खाडीकडच्या वाडीतल्या, आगरी घरांतल्या. आठवडा झाला तरी एकही आली नाही. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की वाडी रुळांच्या अलीकडे, जुन्या शाळेच्या बाजूला आहे. आम्ही दोघी स्वतः फाटक ओलांडून बराक बघायला गेलो होतो, आणि तरी दोघींच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. मला फार शरम वाटली.

मी वाडीत गेले. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई अंगणात भात वाळत घालत होती. मी शाळेचं विचारलं तर हात न थांबवता ती म्हणाली, “यकटी पोर रुलांवरशी कशी धारू, बाय?” धारणं म्हणजे पाठवणं, एवढी त्यांची भाषा मला समजायला लागली होती. मी नव्या वर्गांचं, संडासांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “ता सगला चांगला हाय. पन गारी काय पोर बघून थांबतं का?”

मी म्हटलं, “मी घेऊन गेले तर?”

तिने पहिल्यांदा मान वर केली. “रोज?”

“रोज. आणि परत आणून सोडेन.”

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, महिन्याभरात सहा झाल्या. तिघी आल्याच नाहीत. त्यांतल्या एकीचं त्याच वर्षी लग्न झालं. मामा सुरुवातीला कुरकुरले, कारण मला घरून अर्धा तास आधी निघावं लागे. मालगाडी आली की फाटकावर बराच वेळ जाई. पावसाळ्यात चिखलामुळे चपला हातात घेऊन चालायचो. पण दोन वर्षं मी मुलींना नेलं-आणलं.

मग माझं लग्न ठरलं आणि मला डोंबिवलीला जायचं होतं. राजीनामा देताना मी मोठ्या बाईंना विचारलं, वाडीच्या मुलींना आता कोण आणणार.

“मी,” त्या म्हणाल्या आणि राजीनाम्यावर तारीख घालून घेतली. त्यांचं घर वाडीच्या अगदी उलट दिशेला होतं.

काही वर्षांनी त्यांचं पत्र आलं. सहाजणींपैकी चौघी सातवीच्या परीक्षेला बसल्या होत्या आणि तिघी पास झाल्या होत्या. चौथी गणितात राहिली, तिला पुन्हा बसवणार आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.