नोआटकचं पाणी

देवानं नद्या माणसांसाठी केल्या असतील, पण आमच्या व्याह्यांना मात्र त्यानं एका नदीसाठीच घडवलं, असं माझं ठाम मत आहे. नोआटक तिचं नाव. पार अलास्कात, उत्तरेच्या टोकाला. ना रस्ता, ना पूल, ना घाट. व्याह्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्यांचा एकुलता मुलगा रबरी होडी घेऊन तिच्यात उतरला. होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून अलास्कापासून हजारो मैल दूर, ट्रॉय गावातल्या या घरात नदीच नांदते. घर माझ्या मुलाचं, सून त्यांची लेक, आणि म्हातारे आम्ही दोघं.

भातावर वरण पडलं की व्याही बोटानं त्यात नदीचं पात्र पाडायला घेणार. इथं डोंगरातून निघते, इथवर झाड म्हणून नाही, मग रुंद खोरं, मग घळी, आणि शेवटी पश्चिमेचा समुद्र. नदी समुद्राला मिळेपर्यंत माझा ताकभात झालेला असायचा. भर जुलैत कानटोपी घालून बसायचे. नात म्हणाली, "आजोबा, इट्स सो हॉट!" तर म्हणतात, "इथं गं. तिथं पाऊस आहे आज." एकदा देशी दुकानात भेंडी निवडणाऱ्या नागपूरच्या पोराला धरून विचारलं, "नदीतल्या वाळूच्या बेटावर माणूस किती तग धरेल?" ते बिचारं भेंडी तिथंच टाकून म्हणालं, "काका, मी आयटीत आहे हो."

माझं नि त्यांचं रोज वाजायचं. शाळा मी चौथीत सोडली, पण नदी मला कुणी शिकवू नये. कोयनेच्या पुरात पोहलेला माणूस मी. म्हटलं, "पाव्हणं, जिला घाट नाही ती कसली नदी?" तर म्हणाले, "आबा, तुमच्या नदीला गावंच्या गावं मिळाली. हिला माझा एकटाच मिळाला." मी सुपारी कातरत बसलो.

मुलाच्या फोटोला मात्र हार घालू देत नव्हते. भटजी म्हणाले, देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते. व्याही ताडकन उठले, "गवताचा पोरगा मी जाळायचा नाही!" यंदा सर्वपित्रीला पान वाढता वाढता सून तिथंच फरशीवर बसली. "बाबा, एकदा पाणी द्या हो दादाला. तुम्ही वाट बघत बसलात, मग मी रडायचं तरी कसं?"

व्याह्यांनीच तिळाची वाटी मागितली.

घरामागच्या ओढ्यावर गेलो. तिथं व्याही पुन्हा अडले. "आबा, हा ओढा तळ्यातून पूर्वेच्या समुद्राला जातो. पोरगा पश्चिमेला आहे. त्याला कसं मिळणार?"

नकाशातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हट्टात मी त्यांना हार जाणारा नव्हे. म्हटलं, "समुद्राला कुणी कुंपण घातलंय? पाणी सगळं एकच. सोडा तुम्ही."

त्यांनी ओंजळ सोडली. बापानं पोराला पाणी द्यायचं, हे उलटंच. काळे तीळ एका दगडाशी घुटमळले, फिरले आणि पुढं गेले.

"पोचेल का हो?"

नदीबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. एरवी छातीठोक उत्तर दिलं असतं.

"निघालं तर आहे, पाव्हणं," मी म्हणालो.