बंद घरांचा धूर

आधीच सांगते, चकवा, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसू येतं. अंदाजांवर संशय घेणं हेच माझं काम. जव्हारला भाड्याच्या खोलीत बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी डेटाबेसवर काम करते. डेटाबेसला काही शोधायला सांगितलं, की तो आधी अंदाज बांधतो... या टेबलात ओळी किती असतील? एकेक ओळ मोजायला वेळ नसतो. म्हणून फाइलची पानं मोजायची आणि मागच्या वेळी पानाला सरासरी जितक्या ओळी होत्या, तितक्याने गुणायचं. गोची अशी, की ओळी पुसल्या तरी पानं तशीच राहतात. रिकामी पानंही भरलेली धरली जातात आणि अंदाज फुगतो. ते मी दुरुस्त करत होते.

तेवढ्यात आई गेली.

आमचा पाडा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पुढे. माघ महिना, बहुतेक घरं वीटभट्ट्यांवर गेलेली. आईने जन्मभर पाड्यातल्या प्रत्येक कार्यात चुलीपुढे बसून भाकरी थापल्या, आणि तिच्याच दिवसकार्याच्या जेवणाला अंगण ओस? मला ते सोसलं नसतं.

भात किती घालायचा ते माझे काका ठरवणार. सकाळी आम्ही दोघं टेकाडावर चढलो. मी कुलपं वजा करून आले होते.

"काका, सातच घरं उघडी आहेत. पस्तीस माणसं धरा."

"कुलुपा नको मोजू, बाय. धूर मोज. चुलीला पाच मानसा."

मी खाली पाहिलं. एकतीस घरं, आणि एकतीस छपरांतून धूर! शेतात पालापाचोळ्याचा राब भाजत असतील म्हणावं, तर कुठेच जाळ नव्हता. धावत खाली आले, शेजारच्या सोनीमावशीच्या बंद घरात कुडाच्या फटीतून डोकावले. चूल गार. राखेवर कोंबडीची पावलं.

"वाया जाईल हो सगळा भात!" मी काकांवर चिडलेच. त्यांनी एकतीस चुलींचा भात चढवला.

दुपारी जेमतेम तीस माणसं आली. मी वाढलं, मग आत जाऊन आईच्या फोटोपुढे पोटभर रडले. इतकं एकटं मला जव्हारच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं. बाहेर आले, तर काका टोप घासत होते. तळाला शीत नाही. उष्ट्या पत्रावळींचा ढीग कमरेएवढा.

"कोण जेवलं एवढं?"

"जेवली सगळी," काका म्हणाले आणि पाणी आणायला गेले.

संध्याकाळी भिवंडीच्या भट्टीवरून सोनीमावशीचा फोन आला. "येता नाय आला, बाय. पन आज दुपारी इथं कोनालाच भूक नाय. भाकरी तशाच ऱ्हायल्या."

डाळ मी केली होती, आणि मीठ कमी पडल्याचं मला वाढून झाल्यावर कळलं होतं. तोंडातून निघून गेलं, "मावशी, डाळ अळणी झाली होती का गं?"



"थोडी," ती म्हणाली.

काकांना पुन्हा विचारलं, की ते विषय बदलतात. मावशीला आपण असं बोललो हेच आठवत नाही. पण आईच्या जेवणाला माणसं किती होती असं कुणी विचारलं, तर मी एकतीस चुली सांगते.