पापणीच्या आतला रंग

शिरगावच्या अंगणवाडीतल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलाला वजनकाट्याच्या झोळीत बसवण्याआधी त्या त्याच्या पायातले चांदीचे वाळे काढून आईच्या हातात द्यायच्या. "चांदी नाय मोजायची आपल्याला."

माझी दोन वर्षांची लेक गुटगुटीत. काटा बराच पुढे गेला, तशी मी ऐटीत इकडंतिकडं पाहिलं. बाईंनी मात्र अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत सगळं पांढरट.

"सकाळी काय खाते?"

"चहात बिस्कीट बुडवून. आवडीनं खाते."

"म्हणून वजन भरलंय, रक्त नाय भरलं. चहा बंद करा. नाचणी द्या, पालेभाजी द्या, चालत असेल तर अंडं. आणि उद्याच दवाखान्यात रक्त तपासून घ्या."

मी खालमानेनं उठले, तर त्यांनी माझीही पापणी ओढून पाहिली. तीही आतून पांढरटच. त्यांनी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू माझ्या हातावर ठेवला. सवयीनं मी तो लेकीसाठी रुमालात बांधायला लागले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"तिला वेगळा देते. हा इथंच खा, माझ्यासमोर."

मी बसून खाल्ला. लग्नानंतर मला असं समोर बसवून कुणी खायला घातल्याचं आठवत नव्हतं.