माउथ ऑर्गनचं चौथं भोक

दरेकशाच्या स्टेशनाबाहेर तो सायकलींचे पंक्चर काढतो. गिऱ्हाईक नसलं की माउथ ऑर्गन वाजवतो. मोबाइलवर कोण्या अमेरिकन म्हाताऱ्याचं ब्लूज, म्हणजे तिकडची दुःखाची गाणी, ऐकून शिकला म्हणे. सूर असा ओढतो की तो रडतोय की चिडवतोय, हे शाळेत जाता-येता चार वर्षं ऐकूनही मला समजलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, "वाजवून रायलो, गुरुजी. आनखी काय?"

त्याच्या बाजाचं चौथं भोक मुकं होतं. प्रत्येक ओळीत तिथं नुसती हवा फुसफुसायची आणि मला ठेच लागल्यासारखं व्हायचं. शेवटी मीच गोंदियाहून नवा बाजा आणून दिला. त्यानं तो कपाळाला लावला, एकदा वाजवला. सूर अख्खा निघाला. मी खूश.

मग त्यानं ट्यूबचा बारीक तुकडा कापला, सोल्युशन लावलं आणि नव्या बाजाचं चौथं भोक बुजवून टाकलं.

"अहो, काऊन पण?" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यानं समोरच्या धानाच्या बांधीकडे मान वळवली. रोवणीच्या बाया त्याच्याच चालीवर गात होत्या. ओळीच्या मध्येच सगळ्या गप्प झाल्या, वाकून चिखलात रोपं खोचली आणि पुढचा शब्द उचलला.

"तेथं सूर वाजला, तं रोप कवा खोचतीन त्या?"

हे खरं होतं की माझी थट्टा? मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पण तोंडावर पुन्हा बाजा आला होता.